‘आयटीत जायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलासमोर ओ-नेट कसे उघडावे?

कळव्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतील शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नववी-दहावीच्या करिअर मार्गदर्शनाचे काम यंदा त्यांच्याकडे आले आहे. वर्गातील निम्म्याहून अधिक मुले ‘आयटी’ किंवा ‘कम्प्युटर’ एवढेच उत्तर देतात. म्हणून त्यांनी ओ-नेट हे अमेरिकेचे व्यवसायविषयक संकेतस्थळ प्रोजेक्टरवर दाखवले. मुले दहा मिनिटांत कंटाळली, आणि पालकसभेत मात्र डॉलरमधील पगाराचा आकडा पाहून एका वडिलांनी तिथल्या तिथे रुपयांत गुणाकार करून दाखवला. तेव्हा अशी संकेतस्थळे आपल्या मुलांच्या उपयोगाची आहेत का, असतील तर कोणते वापरावे, आणि कसे?

मी सतरा वर्षे ठाणे आणि नवी मुंबईतील शाळांमध्ये हेच काम करते आहे, त्यामुळे त्या गुणाकाराचे मला नवल वाटले नाही. संकेतस्थळे उपयोगाची आहेत, हे आधीच सांगून टाकते. मात्र ‘कोणते’ हा माझ्या मते यातला दुय्यम भाग आहे. मूळ अडचण अशी की ‘आयटी’ हे मुलाने दिलेले उत्तर कामाचे नाव नसून एका जागेचे नाव असते. ठाण्याहून वाशीकडे जाताना लोकलच्या खिडकीतून ऐरोलीच्या काचेच्या इमारती दिसतात, गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसे स्टेशनातून तिकडे चालत जाताना दिसतात, एखाद्याचे काका तिथे कॅब चालवतात, एखादीची आई तिथल्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करते. मुलांना फाटक ठाऊक असते. फाटकाच्या आत माणूस दिवसभर नेमके काय करतो, हे ना मुलांना ठाऊक असते, ना पालकांना, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्यापैकी बहुतेक शिक्षक-समुपदेशकांनाही नसते. व्यवसायांचा माहितीकोश ही उणीव भरून काढू शकतो, पण तो उलट्या क्रमाने वाचावा लागतो: आधी क्रियापदे, मग व्यवसायाचे नाव, आणि पगार सर्वांत शेवटी, किंवा मुळीच नाही.

ओ-नेट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी हेही कळते. अमेरिकेच्या श्रम खात्याने १९३९ साली व्यवसायांच्या नावांचा एक मोठा कोश छापला होता. रोजगार कार्यालयात आलेल्या माणसाला कोणत्या कामावर पाठवायचे, हे ठरवण्यासाठी तो वापरला जाई. त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि १९९८ च्या सुमारास त्याची जागा ओ-नेट या संगणकीय संग्रहाने घेतली. आज त्यात नऊशेहून अधिक व्यवसायांची तपशीलवार माहिती आहे. त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष ती कामे करणाऱ्या माणसांना प्रश्नावल्या देऊन गोळा केलेला असतो. तुम्ही हे काम किती वेळा करता, ते किती महत्त्वाचे आहे, दिवसातला किती वेळ बसून जातो, फोनवर किती बोलावे लागते, चूक झाली तर परिणाम किती गंभीर होतो, असे ते प्रश्न असतात. म्हणजे कामाचे वर्णन हा या संग्रहाचा गाभा आहे, आणि त्यासाठी त्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. भविष्य सांगणे हा त्याचा गाभा नाही, आणि भारताचे भविष्य तर त्याने कधी सांगितलेलेच नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मीही तुमच्यासारखेच पडद्यावर पान उघडून वाचून दाखवत असे. इंग्रजी पान, लांब यादी आणि मागच्या बाकांवर कुजबुज, असा तो तास होई. पान यंत्राकडून मराठीत करून घेतले तर वाक्ये अशी काही निघत की मुले हसत, आणि त्यांचे काही चुकत होते असेही मला वाटले नाही. मग मी पडदा सोडून कागदावर आले. आता मी तंत्रज्ञानाशी संबंधित सहा व्यवसाय निवडते: सॉफ्टवेअर डेव्हलपर, सॉफ्टवेअरची चाचणी घेणारा टेस्टर, वापरकर्त्यांच्या अडचणी सोडवणारा सपोर्टवाला, नेटवर्क सांभाळणारा, माहितीच्या सुरक्षेचे काम करणारा, आणि संगणक व एटीएम यंत्रे दुरुस्त करणारा. प्रत्येकाच्या पानावर ‘टास्क्स’ म्हणून कामांची यादी असते. तिच्यातली चार-पाच वाक्ये मी स्वतः साध्या मराठीत लिहून घेते, व्यवसायाचे नाव कागदाच्या मागच्या बाजूला लिहिते, आणि गटांमध्ये हे सहा कागद वाटते. प्रश्न एकच विचारते: यातले कोणते काम तुम्ही रोज, सलग दोन वर्षे, कंटाळा आला तरी कराल?

या कागदांवर काय असते, ते सांगितल्याशिवाय त्यामागचा विचार कळणार नाही. डेव्हलपरच्या कागदावर असे लिहिलेले असते की, आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करणे, नव्या यंत्रांना जुळेल असे बदल त्यात करणे, आणि काय बनवायचे आहे, त्याला मर्यादा कोणत्या आहेत, हे ठरवण्यासाठी इतर अभियंत्यांशी आणि विश्लेषकांशी चर्चा करणे. टेस्टरच्या कागदावर सापडलेल्या दोषांची व्यवस्थित नोंद ठेवून त्या डेव्हलपरला कळवणे असते. सपोर्टवाल्याच्या कागदावर लोकांच्या शंकांना उत्तरे देणे, नव्या कर्मचाऱ्यासाठी यंत्र बसवणे, केबल आणि सॉफ्टवेअर नीट आहे याची खात्री करणे. सुरक्षेच्या कागदावर नव्या व्हायरसच्या बातम्यांवर लक्ष ठेवणे आणि इतर कर्मचाऱ्यांना सावधगिरी शिकवणे. दुरुस्तीवाल्याच्या कागदावर ग्राहकाच्या दुकानात किंवा कार्यालयात जाऊन यंत्र चालू करून देणे. मुलांना पहिला धक्का बसतो तो डेव्हलपरच्या कागदाने. एकट्याने काळ्या पडद्यावर झरझर टाइप करणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर असतो, आणि कागदावर मात्र दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टी दुरुस्त करणे आणि चर्चा करणे दिसते. ‘हे तर गटकार्यासारखे झाले,’ असे घणसोलीच्या एका मुलीने म्हटले होते, आणि ते वाक्य मी पुढे अनेक वर्गांत वापरले आहे.

याच तासाला एक अवघड क्षणही येतो, आणि तो टाळू नये. एका मुलाने दुरुस्तीचा कागद निवडला, का निवडला हेही छान सांगितले, घरातला मिक्सर तो स्वतः उघडतो वगैरे. मग कागद उलटला, नाव वाचले आणि तो खाली ठेवून डेव्हलपरचा उचलला. ‘बाई, हे तर दुकानातले काम आहे.’ मी त्याला कागद बदलू दिला, पण आधी निवडलेला कागदही वहीत ठेवायला सांगितला. नाव झाकल्यावर हात एका कागदाकडे जातो आणि नाव दिसल्यावर दुसऱ्याकडे, हे त्या मुलाला स्वतःला दिसणे मला पुरेसे वाटते. पुढचे बोलणे त्याच्या घरी व्हायला हवे.

प्रतिष्ठेचा हाच प्रश्न ओ-नेटच्या आवडचाचणीतही आडवा येतो. ‘माय नेक्स्ट मूव्ह’ या त्याच्या सोप्या संकेतस्थळावर ती चाचणी विनामूल्य देता येते. ती जॉन हॉलंड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या सहा प्रकारांवर उभी आहे: हातांनी प्रत्यक्ष काम करण्याची आवड, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, उद्योग-नेतृत्वाची, आणि नीटनेटक्या, ठरलेल्या पद्धतीने काम करण्याची. साठ प्रश्नांच्या आवृत्तीची सुरुवात स्वयंपाकघरातली कपाटे बनवणे आणि विटा किंवा फरशी बसवणे या कामांनी होते. अमेरिकेत सुटीच्या दिवशी घरातले फर्निचर स्वतः बनवणाऱ्या माणसाची ती परंपरा आहे. आपल्याकडे मात्र फरशी कोण बसवतो, हे मुलाला आधीच ठाऊक असते, आणि ज्याचे वडीलच ते काम करतात तो मुलगा तर ‘अजिबात आवडणार नाही’ यावर खूण करून मोकळा होतो. मग निकालात हातकामाचा रकाना रिकामा दिसतो आणि आपण म्हणतो की मुलाचा कल तिकडे नाही. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची जी कलचाचणी झाली, तिचे निकाल हाती घेऊन आलेल्या पालकांशी बोलतानाही मला हीच सावधगिरी बाळगावी लागत असे. चाचणी द्यायला लावा, पण निकालापेक्षा ‘हे उत्तर का दिलेस?’ या प्रश्नावर अधिक वेळ घालवा. संगणकातल्या अनेक कामांपुढे शोधक वृत्ती आणि व्यवस्थितपणा ही जोडी आढळते. मुलाच्या निकालात ती दिसली नाही म्हणून त्याचा रस्ता बंद करण्याचा अधिकार त्या तीस किंवा साठ प्रश्नांना नाही.

आता अमेरिकेतून इकडे आणता न येणाऱ्या गोष्टींकडे वळते. पगार तर नाहीच. तिथले घरभाडे, कर आणि वैद्यकीय खर्च त्या आकड्यात दिसत नाहीत, त्यामुळे पालकसभेत तो भाग दाखवूच नका. ‘ब्राइट आउटलुक’, म्हणजे पुढे मागणी चांगली राहील, अशी जी खूण काही व्यवसायांपुढे असते, तीही तिथल्या अंदाजांवर आधारलेली असते. हे मी पालकांना एका उदाहरणाने सांगते. अमेरिकेच्या श्रमसांख्यिकी विभागाच्या दहा-दहा वर्षांच्या अंदाजांत कम्प्युटर प्रोग्रामरच्या नोकऱ्या घटताना आणि सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या वाढताना दाखवल्या जातात. घट का होते, याचे एक कारण तो विभाग अनेक वर्षे असे देत आला की प्रोग्रामिंग जगात कुठूनही करता येते, म्हणून कंपन्या ते काम कमी पगाराच्या देशांत देतात. तो कमी पगाराचा देश म्हणजे आपणच, आणि ते काम ऐरोली-महापेच्या इमारतींत येत होते. म्हणजे तिथल्या तक्त्यातली वजाबाकी काही काळ आपल्याकडची बेरीज होती. आता यंत्रेच बरेचसे कोड लिहू लागल्यावर ही बेरीज तशीच राहील, असे मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही. मात्र एकाच ‘आयटी’ शब्दाखाली घटणारे आणि वाढणारे असे दोन व्यवसाय शेजारी-शेजारी असू शकतात, आणि त्यांतला फरक पुन्हा क्रियापदांतच असतो: सांगितलेले लिहून देणे आणि काय लिहायचे ते ठरवणे. दहावीतल्या मुलाला एवढे समजले तरी तो तास वाया गेला नाही, असे मी मानते.

तिसरी न आणता येणारी गोष्ट म्हणजे शिक्षणाची पायरी. ओ-नेट प्रत्येक व्यवसायाला तयारीनुसार एक ते पाच अशा पायऱ्या देते. सॉफ्टवेअर डेव्हलपर चौथ्या पायरीवर, म्हणजे साधारण पदवीच्या पातळीवर आहे. पण तिथली दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजातली पदवी आणि आपला दहावीनंतरचा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा या दोन निराळ्या वस्तू आहेत. म्हणून या टप्प्यावर मी परदेशी संकेतस्थळ बंद करते आणि आपल्याकडची साधने काढते.

केंद्रीय श्रम मंत्रालयाचे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ सालचे आहे आणि ते आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या वर्गीकरणाशी जुळवलेले आहे. हा दस्तऐवज वाचायला रुक्ष आहे, पण त्यातला क्रमांक शिकवण्यासारखा आहे. पहिला अंक कामाचा थर सांगतो. सॉफ्टवेअर डेव्हलपरचा गट २५१२, तिथे २ म्हणजे उच्चशिक्षित व्यावसायिक. वापरकर्त्यांना मदत करणाऱ्या तंत्रज्ञांचा ३५१२, तिथे ३ म्हणजे तंत्रज्ञ. संगणक आणि दळणवळणाची उपकरणे बसवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्यांचा ७४२२, तिथे ७ म्हणजे कुशल कारागीर. माझे सहा कागद मुले या तीन थरांत लावतात, आणि मग फळ्यावर आपल्याकडच्या वाटा येतात. सातच्या थरासाठी आयटीआयचे इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित व्यवसाय-अभ्यासक्रम. तिथेच ‘कोपा’ हा एक वर्षाचा कम्प्युटर ऑपरेटरचा अभ्यासक्रमही आहे, पण तो कार्यालयीन संगणककामाचा असल्याने मुले त्याला ‘कम्प्युटर इंजिनिअरिंगची छोटी आवृत्ती’ समजतात, तो गैरसमज दूर करावा लागतो. तीनच्या थरासाठी दहावीनंतरचा डिप्लोमा. दोनच्या थरासाठी अकरावी-बारावी विज्ञान, सीईटी आणि अभियांत्रिकी, किंवा बीएस्सी आयटी, किंवा २०२४ पासून जिच्यासाठीही सीईटी सुरू झाली ती बीसीए. आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, हा बाण मी मुद्दाम जाड काढते, कारण अनेक घरांत डिप्लोमा म्हणजे रस्ता संपला असे समजले जाते.

नॅशनल करिअर सर्व्हिस हे केंद्राचे पोर्टल २०१५ पासून आहे, विनामूल्य आहे, आणि त्यावर भारतातल्या प्रत्यक्ष जागा दिसतात. नोंदणी मुलांना नको, तुम्ही स्वतःच पाच-सहा जाहिराती उतरवून घ्या आणि त्यांतली क्रियापदे तुमच्या कागदांवरच्या क्रियापदांशी ताडून पाहा. जुळली तर उत्तम, नाही जुळली तर भारतीय जाहिरात खरी माना. युरोपीय संघाचा एस्को हा संग्रहही चांगला आहे आणि अनेक भाषांत आहे, पण त्यात मराठी नाही. शाळेच्या पातळीवर दोन परदेशी संग्रह हाताळण्याचे कारण मला कधी सापडलेले नाही.

एका बाबतीत मात्र सगळेच कोश तोकडे पडतात, आणि ती बाब नेमकी तुमच्या शाळेच्या परिसराशी जोडलेली आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात जुन्या कारखान्यांच्या शेजारी डेटा सेंटर, म्हणजे माहिती साठवणारे मोठे संगणक (सर्व्हर) ठेवलेल्या इमारती, उभी राहिली आहेत. ओ-नेटच्या शोधपेटीत ‘डेटा सेंटर’ टाकले की वेगवेगळ्या गटांतल्या व्यवसायांची यादी समोर येते, कारण त्या इमारतीत एकाच प्रकारचे काम नसतेच. सर्व्हर अखंड चालू राहायचे तर वीज अखंड हवी, वीज गेली तर बॅटरी आणि जनरेटर तात्काळ चालू व्हायला हवेत, आणि सर्व्हरची उष्णता बाहेर काढणारी शीतयंत्रणा रात्रंदिवस चालायला हवी. म्हणून तिथे नेटवर्कवाल्यांच्या बरोबरीने इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचे तंत्रज्ञ लागतात, म्हणजे आयटीआयच्या ज्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना ‘आयटीत जाणारी’ मुले ढुंकून पाहत नाहीत, तेच. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुले माझ्यापेक्षा रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचे लवकर ऐकतात. तसा कोणी शाळेच्या ओळखीत असेल तर त्याला शनिवारी अर्धा तास बोलवा आणि भाषण करू देऊ नका. ‘काल कामावर गेल्यापासून निघेपर्यंत काय काय केले?’ एवढेच विचारा, आणि मुलांना त्याच्या उत्तरातली क्रियापदे लिहून घ्यायला सांगा. कोशातल्या वर्णनाची ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी तपासणी आहे.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि त्यांत आपण निर्णय देऊ नये. गणित जेमतेम असलेल्या मुलाला डेव्हलपर होता येणार नाही, असे मी म्हणत नाही. दहावीनंतर सहा-सात वर्षे शिकवण्याची घरची ऐपत आहे का, हा प्रश्न मात्र मी पालकांना एकांतात विचारते, कारण त्यावर डिप्लोमा आधी की अकरावी आधी हे ठरते. मुलींच्या बाबतीत पाळ्यांचा विषय घरातून निघतोच. ओ-नेटच्या पानावर कामाच्या वेळा नियमित आहेत की अनियमित, हे ‘वर्क कॉन्टेक्स्ट’ या भागात असते. ते मी आईला वाचून दाखवते, पण मुलीला ऐकू जाईल अशा जागी बसून, म्हणजे तिच्या पाठीमागे काही ठरत नाही. आणि इंग्रजीची भीती असलेल्या मुलाला सपोर्टच्या कामात बोलावे लागते आणि टेस्टिंगमध्ये लिहावे लागते, एवढे आधी कळले तर त्याच्याजवळ तयारीसाठी तीन-चार वर्षे असतात.

तुमच्या प्रश्नातल्या मूळ तीन भागांची उत्तरे एकत्र सांगायची तर: कामाचे वर्णन ओ-नेटवरून घ्या, शिक्षणाची वाट आणि जागा भारतीय साधनांवरून घ्या, आणि दोन्ही खरे की नाही ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाला विचारा.

राहिली तुमची शेवटची अडचण, कंटाळ्याची. शाळेत इंटरनेट असले तरी ते वर्गात वापरू नका. ओ-नेटचा संग्रह श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याखाली आहे, त्यामुळे त्यातली वाक्ये मराठीत करून, खाली ओ-नेटचा आणि अमेरिकेच्या श्रम खात्याचा उल्लेख करून, मूळ मजकुरात तुम्ही बदल केला आहे हेही लिहून, झेरॉक्स वाटायला काहीच आडकाठी नाही. सहा कागद मराठीत करायला एक रविवार लागतो. दोन तासिका कागदांना, एक थरांना आणि वाटांना, एक माजी विद्यार्थ्याला, असे चार तास पुरतात. ते नववीच्या दुसऱ्या सत्रात घ्या. दहावीच्या निकालानंतर मुले माझ्याकडे येतात तेव्हा डिप्लोमा, आयटीआय आणि अकरावी या तिन्हींच्या अर्जांच्या तारखा एकमेकींच्या मागेपुढे चालू असतात, आणि त्या गडबडीत कागदाची मागची बाजू झाकून ठेवायला कोणालाच वेळ नसतो.